बागेतले मायक्रो-स्प्रिंकलर : पाणी जोडात मुरते

बंगले, गृहसंस्था आणि फार्महाऊस यांच्या बागांत माळ्याच्या हातातील रबरी नळीची जागा पुष्कळ ठिकाणी मायक्रो-स्प्रिंकलरने घेतली आहे. शेतीच्या ठिबकासाठी जळगावसारख्या ठिकाणी तयार होणारे पाइप आणि जोडच बागेतही चालतात. त्यामुळे प्लंबिंगचे काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना आणि हार्डवेअरच्या दुकानदारांना हा चांगला जोडधंदा आहे. मात्र काम संपवून पैसे घेतल्यावर पंधरा दिवसांतच “पाइप सुटला”, “शेवटचा फवारा उडत नाही” असा निरोप येतो. त्या फेरीची मजुरी गिऱ्हाईक देत नाही. नफा तिथेच जातो, आणि बहुतेक वेळा कारण असते ते चहाच्या कपापेक्षाही स्वस्त अशा एका प्लास्टिकच्या जोडाचे.

बागेतली नेहमीची मांडणी अशी असते : 16 मिमीची काळी नळी, म्हणजे लॅटरल, वाफ्याच्या कडेने जाते. तिला भोक पाडून दोन्ही टोकांना काटे असलेला कनेक्टर बसवतात. त्यावर आतून 4 मिमी पोकळीची मायक्रोट्यूब चढवतात आणि तिचे दुसरे टोक खुंटीवरच्या फवाऱ्याला जोडतात. काही जण फवारा सरळ लॅटरलवरच बसवतात. ट्यूब आणि खुंटीचा खर्च वाचतो खरा, पण उन्हात नळी पीळ खाते आणि फवारा आडवा होऊन भिंत भिजवतो. बागेत खुंटीच बरी.

सगळे काम भोकावर अवलंबून आहे. भोक कनेक्टरच्या काट्यापेक्षा थोडे लहान हवे, म्हणजे नळीची भिंत ताणून त्याला आवळून धरते. त्यासाठी त्याच मापाचा पंच वापरावा. खिळ्याने भोक पाडले तर कडा फाटते आणि दाब येताच चीर वाढत जाते. तापलेल्या सळईने पाडलेल्या भोकाची कडा वितळून वेडीवाकडी होते, ती काट्याला धरत नाही. चांगला पंच गोल चकती कापतो. ही चकती नळीत पडली तर पुढे नोझलमध्ये जाऊन बसते. म्हणून टोकाचे बूच लावण्यापूर्वी पाणी सोडून प्रत्येक नळी धुवावी. फवारे त्यानंतर लावावेत. चुकीच्या जागी भोक पडले तर त्यासाठी डमी बूच मिळते.

गळक्या जोडाला पीव्हीसीचे सोल्युशन लावण्याची सवय फार आहे. ते पीव्हीसीला धरते, पॉलिथिलीनला धरत नाही. काळी नळी पॉलिथिलीनची असते, तेव्हा ते पैसे वायाच. थंडीत ट्यूब चढत नसेल तर तिचे टोक गरम पाण्यात बुडवावे. ज्योत दाखवू नये. पीव्हीसीच्या मुख्य लाइनमधून लॅटरल काढताना मात्र रबरी ग्रोमेट लागतो. त्याच मापाच्या ड्रिलने भोक पाडून कडेचा कीस साफ करावा, नाहीतर रबर कापले जाते.

नळी उन्हाने वाढते हेही लक्षात ठेवावे. 25 मीटर नळी 20 अंशांच्या फरकाने सुमारे 9 सेंमी लांब-आखूड होते. दुपारच्या उन्हात ताणून बसवलेली नळी पहाटे आखडते आणि कोपऱ्यावरचा जोड ओढून काढते. थोडी ढिली, नागमोडी अंथरावी.

आता “शेवटचा फवारा उडत नाही” या तक्रारीचा हिशेब. ताशी 40 लिटरचे 12 फवारे म्हणजे 480 लिटर. एवढे पाणी 25 मीटरच्या 16 मिमी नळीत साधारण एक मीटर उंचीइतकाच दाब खाते. पाणी दुप्पट केले तर तेवढ्याच लांबीत दाबाची घट साडेतीन पटींच्या वर जाते. म्हणून गिऱ्हाइकाने “अजून चार-पाच लावा” म्हटले तर त्याच लॅटरलवर न लावता दुसरी लॅटरल काढावी. बारीक ट्यूबही लांब नको. फवारा 40 लिटरचा असेल तर तिचा प्रत्येक मीटर सुमारे एक फूट उंचीचा दाब खातो.

मुळात दाब आहे का, हे तर काम घेण्यापूर्वीच पाहावे. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 1 किलो. मायक्रो-स्प्रिंकलरला साधारण 1 ते 2 किलो लागतो. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकी 5 मीटर उंच धरली तरी दाब अर्धाच किलो मिळतो. तिथे छोटा पंप सुचवावा किंवा ठिबकच बसवावे. गिऱ्हाईक खर्चाला कुरकुरले तरी हे आधी बोललेले बरे.

नोझलचे भोक जेमतेम एक मिलिमीटरचे, त्यामुळे फिल्टरशिवाय काम करू नये. 120 मेशची जाळी सुमारे 0.13 मिमीपर्यंतचा कचरा अडवते. ती धुता येईल अशा जागी बसवावी आणि कशी धुवायची ते माळ्याला दाखवावे.

दुकानदारांनी एक पथ्य पाळावे : पंच, कनेक्टर आणि ट्यूब एकाच कंपनीची ठेवावी. सगळ्यांवर “4 मिमी” छापलेले असले तरी काट्याची जाडी कंपनीप्रमाणे बदलते. नळी घेताना तिच्यावरील आयएस 12786 हा मानकाचा क्रमांक पाहावा. जुन्या प्लास्टिकची स्वस्त नळी ऊन-पावसात लवकर तडकते, आणि त्याचा दोष बसवणाऱ्या कारागिराच्या माथी येतो.