वाऱ्यावरची शर्यत

अमेरिकेत ॲनापोलिस नावाचे शहर आहे. तेथे चेसापीकच्या मोठ्या खाडीकाठी नौदलाचे कॉलेज आहे. ते १८४५ साली निघाले. शनिवार-रविवारी निरनिराळ्या कॉलेजांची मुलंमुली येथे येतात आणि शिडाच्या होड्यांची शर्यत लावतात. येथील मॅकमिलन चषक १९३० सालापासूनचा आहे.

होडी चांगली ४४ फूट लांब. शर्यतीत इंजिन चालवायचे नाही. सगळी भिस्त वाऱ्यावर. मग जोराच्या वाऱ्याने होडी उलटत कशी नाही? तिच्या पोटाखाली जड धातूचा पंखा असतो. होडी कलली की हे वजन तिला पुन्हा उभी करते. आपले तांडेल रिकाम्या गलबतात दगड-वाळूचे नीरम भरतात ना? त्यातलाच हा प्रकार.

वारा समोरून आला तर सरळ जाता येत नाही. घाटातल्या रस्त्यासारखे नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणाला एकजण सुकाणू फिरवतो, कुणी दोर सोडतो, कुणी ओढतो. एकाचा हात चुकला की होडी थबकलीच!

दोन होड्यांची वाट एकमेकींना छेदू लागली, तर जिला वारा उजव्या अंगाने लागतो तिला आधी वाट द्यायची. हा नियम मोडला, तर चुकलेल्या होडीने जागच्या जागी दोन गिरक्या घ्यायच्या. त्यात हातचा नंबर जातो. पंच जवळ नसला तरी गिरक्या आपण होऊन घ्यायच्या.

आता सांगा, कुणी पाहत नसताना नंबर सोडायला छाती लागते की नाही?