मोतद्दाराची टीप आणि टोटची खिडकी

घोड्यावर कायदेशीरपणे पैसा लावता येतो तो परवाना असलेल्या रेसकोर्सच्या शर्यतींवरच. महाराष्ट्रात मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे, ही दोन्ही रेसकोर्स रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. महालक्ष्मीचे मैदान 1883 चे. तिथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून या पैजांना सूट आहे, आणि घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. बैलगाडा शर्यतींनाही याच न्यायालयाने 2023 मध्ये मान्यता दिली. मात्र बैलजोडीवर पैसा लावायला ही सूट लागू नाही, हे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या बैलगाडा शौकिनांनी ध्यानात ठेवायला हवे.

पैसा लावायच्या दोन वाटा आहेत. बुकी आपला भाव सांगतो आणि लावताना ठरलेला भाव पुढे बदलत नाही. टोटवर मात्र सगळ्यांचा पैसा एका गल्ल्यात जमतो, त्यातून क्लबची कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. समजा, गल्ल्यात 100 रुपये आले आणि कपातीनंतर 80 उरले. जिंकलेल्या घोड्यावर 40 रुपये लागले असतील तर रुपयाला दोन मिळतात. 70 लागले असतील तर जेमतेम एक रुपया चौदा पैसे. शिवाय जीएसटी आहेच. तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. म्हणूनच वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हिशेब शेवटी तोट्यातच जातो.

या तोट्यातून वाट काढायला पंटर, म्हणजे पैसा लावणारे, पागेकडे वळतात. घोड्याला चोवीस तास जवळून पाहणारा माणूस म्हणजे मोतद्दार, हिंदीत सईस. पहाटे उजाडायच्या आधी तो पागेत असतो. रात्रीचा चारा उरला आहे का, हे तो आधी बघतो. मग पुढच्या पायांच्या नळ्यांवरून तळवा फिरवतो. एखादी जागा गरम लागली की पागेच्या जमादाराला आणि ट्रेनरला कळवतो. सराव आटोपला की घाम निवेपर्यंत घोड्याला चालवायचे, खरारा करायचा, खूर साफ करायचे, पट्ट्या बांधायच्या. म्हशाच्या यात्रेत बैलाचा खांदा नि खूर पाहून पारख करणाऱ्या मुरबाडच्या शेतकऱ्याला ही नजर ओळखीची वाटेल. अशा माणसाशी चहाच्या टपरीवर जमलेली मैत्री खरी असू शकते, पुष्कळदा असतेही. घोडा जिंकला की मोतद्दाराच्या हातावर बक्षिशी ठेवण्याची रीतही जुनी आहे.

तरीही त्याच्या टिपेवर शर्यत जिंकता येत नाही. ‘घोडा तयार आहे’ हे त्याचे बोलणे खरे असते, पण ते एकाच घोड्याबद्दल. शर्यतीत आणखी आठ-दहा घोडे धावतात आणि त्यांचे मोतद्दारही आपापल्या घोड्याबद्दल तेच सांगत असतात. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर जास्त वजन चढवतात, त्यामुळे घोड्यांमधला फरक मुद्दामच कमी केलेला असतो. जॉकीने घोडा कधी सोडायचा, हे ट्रेनर त्याला सांगतो, मोतद्दाराला नाही. आणि टीप खरी असली तरी ती चार जणांत पसरते, घोडा फेव्हरिट होतो, भाव पडतो. वरच्या उदाहरणातले 70 रुपये असेच जमतात.

पागेतली बातमी बाहेर फुटल्याचा संशय आला तर पहिली झळ मोतद्दारालाच बसते. पंटरचे त्या दिवसाचे पैसे जातील, मोतद्दाराची नोकरी जाऊ शकते. पागेत मित्र असेल तर त्याला घोड्याची तब्येत, खाणे, स्वभाव खुशाल विचारावे, त्याच्याकडून शिकण्यासारखे भरपूर आहे. पण टीप मागू नये.