चालत्या यंत्रणेची डागडुजी

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ची बातमी फुटली आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत एक साधी तपासणी राहून गेली होती. समोरच्याने चिमूटभर मजकूर पाठवून ‘एवढा मोठा मजकूर परत दे’ म्हटले, की सर्व्हर निमूटपणे मेमरीतली शेजारची माहितीही देऊन टाकायचा. एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत! त्यात पासवर्ड असू शकत, गुप्त किल्ल्याही.

ओपनएसएसएलने दोष काढून १.०.१जी ही नवी आवृत्ती आणली. डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीच्या वापरकर्त्यांना मात्र १.०.१ई हीच जुनी आवृत्ती पुन्हा मिळाली. तिच्यापुढे ‘डेब७यू५’ अशी खूण तेवढी होती आणि त्या खुणेतच सगळे मर्म होते. नव्या आवृत्तीतले बाकीचे बदल बाजूला ठेवून नेमकी दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत बसवली होती. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. बदल जितका लहान, तितकी दुसरे काही बिघडण्याची शक्यता कमी.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन आजही स्वयंसेवक चालवतात. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते. तिथे गंभीर दोष निघाला नाही, तर काही दिवसांनी ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, दोष निस्तरतात आणि मग ‘स्टेबल’ आवृत्ती जाहीर होते. तिला तीन वर्षे नेहमीचा आधार आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो.

या काळात दोष उघड झाला की दुरुस्ती लगेच हवी, पण तिने चालती यंत्रणा बिघडूही नये. म्हणून पॅच, म्हणजे अशी दुरुस्ती, लावणे हे घाईचे आणि तितकेच जोखमीचे काम आहे. डेबियनने त्याची किंमत स्वतः मोजली आहे. २००६ मध्ये एका तपासणी साधनाच्या इशाऱ्यांवरून ओपनएसएसएलमधला कोड डेबियनपुरता काढला गेला. त्याबरोबर किल्ल्या बनवण्यातली यादृच्छिकताच जवळपास नाहीशी झाली, आणि एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारांच्या घरात उरल्या. हे उघडकीला आले मे २००८ मध्ये. तेव्हा नुसता पॅच पुरला नाही. मधल्या काळात बनवलेल्या किल्ल्याही बदलाव्या लागल्या.

आपल्या यंत्रावर हे काम दोन आज्ञांचे असते. ‘एपीटी अपडेट’ पॅकेजांची ताजी यादी आणते आणि तिची डिजिटल सही पडताळते. ‘एपीटी अपग्रेड’ दुरुस्त्या बसवते. पण इथेच अनेकजण थांबतात. डिस्कवरची लायब्ररी बदलली, तरी आधीपासून चालू असलेली सेवा मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते. ती सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय दोष जात नाही. कोणती सेवा रीस्टार्ट करायची, हे ‘नीडरीस्टार्ट’ सांगते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला तर यंत्रच रीबूट करावे लागते. आधीचा कर्नल सहसा शिल्लक असतो, त्यामुळे नवा चालला नाही तर बूट मेनूतून मागे जाता येते.

मार्च २०२४ मध्ये अनस्टेबल, टेस्टिंग, स्टेबल या रचनेची कसोटी लागली. डेबियन अनस्टेबल वापरणारे आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले, की एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. मागोवा घेत ते एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेल्या चोरवाटेपाशी पोहोचले. जुनी आवृत्ती असल्याने डेबियन स्टेबल बचावले.

मात्र नुसत्या जुनेपणाने कोणी वाचत नाही. पुढच्या फळीतल्या एका माणसाने अर्ध्या सेकंदाकडे काणाडोळा केला नाही, म्हणून चोरवाट स्टेबलपर्यंत पोहोचण्याआधीच सापडली. आपल्या सर्व्हरवर स्टेबलच ठेवावे, सुरक्षेचे पॅच वेळच्या वेळी लावावेत. पण हाताशी दुसरे यंत्र असेल तर त्यावर टेस्टिंग चालवावे आणि खटकलेली बारीकशी गोष्टही कळवावी. असे कळवणारे आहेत, म्हणूनच बाकीच्यांची यंत्रणा स्थिर राहते.