रसायनोपचार घेणाऱ्या कर्करुग्णांची परिचर्या : गुंतागुंती व त्यांचे व्यवस्थापन

सारांश : कर्करोगावरील रसायनोपचार, म्हणजेच केमोथेरपी, रुग्णालयात दिली जात असली तरी तिच्या बहुतेक गुंतागुंती रुग्ण घरी असताना उद्भवतात. त्यामुळे परिचारिकेचे कार्य औषध देण्यापुरते मर्यादित राहत नाही. रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांना धोक्याची लक्षणे ओळखण्यास समर्थ करणे हा त्या कार्याचा गाभा ठरतो. प्रस्तुत लेखात या भूमिकेतून प्रमुख गुंतागुंती, त्यांची कारणे व परिचर्येची तत्त्वे यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कर्करोग, रसायनोपचार, परिचर्या, पांढऱ्या पेशी, रुग्णशिक्षण.

प्रस्तावना :

आधुनिक रसायनोपचाराचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात झाला. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा प्रयोग कर्करुग्णावर करण्यात आला. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात ॲमिनोप्टेरिन या औषधाने तात्पुरता उतार पडल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. महाराष्ट्रात १९४१ मध्ये सुरू झालेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, तसेच नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय येथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. औषध घेऊन अनेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गावी परततात. पुष्कळशा औषधयोजनांचे आवर्तन २१ दिवसांचे असते. म्हणजेच एक दिवस रुग्णालयाचा व उरलेले वीस दिवस घरचे, अशी ही विभागणी होय.

रसायनोपचाराचे कार्य व दुष्परिणामांचे कारण :

यातील बहुतेक औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशी तशा असतातच. परंतु अस्थिमज्जा, तोंड व आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे येथील निरोगी पेशीही वेगाने विभाजित होतात. म्हणून रक्तपेशी घटणे, तोंड येणे, जुलाब होणे व केस गळणे हे परिणाम दिसून येतात. उलट्यांचे कारण निराळे आहे. औषधामुळे आतडे व मेंदूतील वांतिकेंद्र उत्तेजित होते. हा कार्यकारणभाव समजावून दिल्यास रुग्णाची भीती कमी होते. केस गळणे म्हणजे रोग बळावणे नव्हे, हेही त्याला उमगते.

औषध देताना घ्यावयाची दक्षता :

औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, औषधाचे नाव, मात्रा, मार्ग व रक्ततपासणीचे निकाल दोन प्रशिक्षित व्यक्तींनी स्वतंत्रपणे पडताळणे आवश्यक असते. व्हिन्क्रिस्टिन हे औषध केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. ते चुकून मणक्यातून दिले गेल्यास रुग्णाचा मृत्यू ओढवतो. म्हणूनच ते सिरिंजऐवजी सलाइनच्या लहान पिशवीतून द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची तीव्र ॲलर्जी पहिल्या काही मिनिटांतच उद्भवू शकते. त्यामुळे सुरुवातीचा काळ परिचारिकेने रुग्णाजवळच असणे इष्ट ठरते.

डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन यांसारखी औषधे शिरेबाहेर झिरपली तर भोवतालची त्वचा व स्नायू यांचा नाश होऊ शकतो. जळजळ, सूज किंवा सलाइनची गती मंदावणे ही त्याची प्रारंभिक लक्षणे होत. अशा वेळी औषध तत्काळ थांबवावे. मात्र कॅन्युला लगेच काढू नये. प्रथम तिच्यातूनच उरलेले औषध सिरिंजने ओढून घ्यावे, हात उंच ठेवावा व डॉक्टरांना कळवावे. डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक देतात, कारण औषध एकाच जागी मर्यादित राहणे हितकर असते. व्हिन्क्रिस्टिनसाठी मात्र कोरडा गरम शेक देतात, कारण तेथे औषध पसरून विरळ होणे उपयुक्त ठरते. “थोडे दुखणारच” अशा समजुतीने रुग्ण गप्प राहतो. म्हणून जळजळ होताच सांगावे, ही सूचना आरंभीच द्यावयास हवी.

ताप : सर्वांत महत्त्वाची सूचना :

उपचारानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशींची संख्या नीचांक गाठते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढणारी पहिली फळी होत. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या सामान्यतः दीड हजारांहून अधिक असतात. त्या ५०० पेक्षा कमी झाल्यास संसर्गाचा धोका फार वाढतो. पू, लाली व सूज ही लक्षणे मुख्यतः याच पेशींच्या कार्यामुळे निर्माण होतात. पेशीच नसल्याने गंभीर संसर्ग असूनही ही लक्षणे दिसत नाहीत, आणि ताप हे अनेकदा एकमेव चिन्ह उरते.

येथेच घरगुती सवयी घातक ठरतात. कपाळाला हात लावून ताप पाहणे, पॅरासिटामॉलची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे, हे एरवी निरुपद्रवी असते. या रुग्णाच्या बाबतीत मात्र गोळीने ताप उतरतो, संसर्ग वाढतच राहतो व काही तासांत रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो. म्हणून घरी थर्मामीटर असावे. तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक आढळल्यास, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरल्यास, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तेथे पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू होणे अपेक्षित असते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना उपचाराची कल्पना यावी, यासाठी औषधांची नावे व शेवटच्या मात्रेची तारीख लिहिलेला कागद रुग्णाने सदैव जवळ बाळगावा.

अन्य गुंतागुंती व परिचर्या :

१) मळमळ व उलट्या : सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने उलट्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतही होतात. त्यामुळे उलटीची औषधे त्रास नसला तरी ठरल्या वेळी घ्यावीत. पेज, मऊ खिचडी असा आहार थोडा थोडा, अनेक वेळा घ्यावा.

२) तोंड येणे : मऊ ब्रश वापरावा. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. तिखट पदार्थ, तंबाखू व अल्कोहोलयुक्त माउथवॉश टाळावेत.

३) रक्तस्राव : बिंबाणू घटल्यास हिरड्यांतून रक्त येते किंवा त्वचेवर लाल ठिपके उमटतात. ॲस्पिरिन व स्नायूत दिली जाणारी इंजेक्शने टाळावीत.

४) औषधविशिष्ट परिणाम : ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाण्याच्या स्पर्शानेही बोटांत व घशात झिणझिण्या येतात, म्हणून कोमट पाणी वापरावे. डॉक्सोरुबिसिनने लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. सायक्लोफॉस्फामाइडनंतर लघवीत रक्त आल्यास मात्र त्वरित कळवावे.

गैरसमजांचे निराकरण :

काही घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे केले जाते. कर्करोग संसर्गजन्य नाही. रुग्णासोबत जेवणे, त्याला स्पर्श करणे, लहान मुलाने त्याच्याजवळ बसणे यांत धोका नसतो. औषधाचा अंश लघवी, शौच व उलटीतून सुमारे ४८ तास बाहेर पडत असतो. त्यामुळे त्या काळात ती स्वच्छ करताना हातमोजे घालावेत, इतकेच. खबरदारी स्रावांबाबत घ्यावयाची आहे, माणसाबाबत नव्हे. हा भेद परिचारिकेने स्पष्ट केला नाही, तर रुग्णाच्या वाट्याला आजारासोबत एकाकीपणही येते.

समारोप :

रसायनोपचाराच्या यशात औषधाइतकाच वाटा त्यानंतरच्या दक्षतेचा असतो. घरी जाताना दिलेल्या सूचना रुग्णाच्या बोलीत, लेखी स्वरूपात व घरातील किमान एका व्यक्तीच्या उपस्थितीत दिल्या जाव्यात. “समजले का?” असे न विचारता “रात्री ताप आला तर काय कराल?” असे विचारून उत्तर ऐकून घ्यावे. या उत्तरातच शिकवण्याची परीक्षा असते. परिचर्या अभ्यासक्रमात औषधांच्या मात्रांबरोबर या संवादकौशल्यासही स्थान मिळणे अगत्याचे आहे. कारण घरच्या वीस दिवसांत रुग्णाजवळ परिचारिका नसते, तिने शिकवलेले तेवढेच असते.