मशीन बिघडलेलं नाही, आधी सुई बदला!

दिवाळी पंधरा दिवसांवर आली किंवा लग्नसराई सुरू झाली, की शिंप्याच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. ब्लाऊज टाकायला गेलं की “ताई, पुढच्या सोमवारी बघू” हे उत्तर ठरलेलं. तो सोमवार कधी उगवेल ते त्या शिंप्यालाच ठाऊक! आणि गंमत म्हणजे तेव्हाच कितीतरी घरांत शिवणाचं मशीन कोपऱ्यात कव्हर घालून उभं असतं. कुणाचं माहेरून आलेलं, कुणाचं सासूबाईंच्या हातचं. त्यावर इस्त्रीचे कपडे, मुलांची दप्तरं, कधी फुलदाणी. “मशीन आहे ना घरात?” असं विचारलं, की उत्तर येतं, “आहे हो, पण बिघडलंय.”

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी असंच एक पायमशीन भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. टाके सुटतात, दोरा तुटतो, कापड गोळा होतं, म्हणून त्या कंटाळल्या होत्या. सुई काढून पाहिली, तर टोक बोथट झालेलं, आणि वर ती उलटी बसवलेली! काही रुपयांची नवी सुई नीट बसवली आणि मशीन सरळ चालू लागलं. आता मुलीचे फ्रॉक, घरातल्या उशांचे अभ्रे, स्वतःचे परकर सगळं त्याच मशीनवर होतं.

मैत्रिणींनो, शिवण बिघडते ती बहुतेक वेळा पायडल मारण्याच्या आधीच. सुई, दोरा आणि कापड या तिघांचं जमलं नाही, की दोष येतो बिचाऱ्या मशीनवर किंवा “मला मेलीला शिवणच येत नाही” म्हणून आपल्यावर. दुसऱ्यांचे परकर-पोलके शिवून मुलांच्या शाळेच्या फिया भरणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. यंत्रांवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, ते उगीच नव्हे. असं यंत्र एका सुईपायी भंगारात जाऊ नये, म्हणून हा लेख.

टाका पडतो तरी कसा?

हाताने शिवताना एकच दोरा असतो आणि सुईचं नेढं मागच्या टोकाला. मशीनच्या सुईचं नेढं मात्र पुढच्या टोकाजवळ असतं. अमेरिकेतल्या एलियस हौ यांनी १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात हीच युक्ती होती. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी त्यात सुधारणा करून आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं.

सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. वर येऊ लागली, की तिच्याजवळ दोऱ्याचा लहानसा फासा तयार होतो. खालचं शटल तो फासा पकडतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. मग वर-खाली होणारा दांडा दोरा वर ओढतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात. म्हणून चांगली टीप वरून आणि खालून सारखीच दिसते. हे एकदा डोक्यात बसलं, की मशीनचं रडगाणं कुठून सुरू झालंय ते आपलं आपल्याला कळतं.

खालचा दोरा वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसतो का? मग वरच्या दोऱ्याचा ताण जास्त आहे. चकतीचा स्क्रू थोडा सैल करा. कापडाच्या खाली दोऱ्याची जाळी होते का? इथे पुष्कळजणी खालचा बॉबिन काढून बघत बसतात. पण दोष असतो वर! एकतर ताण फार सैल आहे किंवा दोरा चकत्यांमध्ये नीट बसलाच नाही. यासाठी दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला ठेवा, म्हणजे चकत्या उघड्या राहतात. शिवताना तो पाय खाली टाकायला मात्र विसरू नका.

टाके मध्येच सुटत असतील, तर सुई पाहा. ती वरपर्यंत पूर्ण सरकवली आहे का? सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा त्या खाचेच्या बाजूने ओवायचा, हा नियम कुठल्याही मशीनला लागू आहे. बोथट सुई कापडातून जाताना टकटक असा आवाज करते. तो आला की सुई बदलायचीच. तेवढीच सुई पाच वर्षं वापरण्यात काटकसर नाही, कापडाचं नुकसान आहे.

बॉबिनच्या दोऱ्याचा ताण पाहायची एक सोपी रीत सांगते. बॉबिन डबीत बसवून डबी दोऱ्याला लटकत धरा आणि हाताला हलका हिसका द्या. डबी थोडी खाली सरकून थांबली, तर ताण बरोबर. धाडकन खाली आली, तर सैल. जागची हललीच नाही, तर घट्ट. डबीचा लहान स्क्रू फिरवायचा तोही अगदी तिळातिळाने.

सुरुवातीलाच दोऱ्याचा गुंता होत असेल, तर दोन्ही दोऱ्यांची चार-चार बोटं लांब टोकं पायाखालून मागे ओढून धरा. पहिले दोन-तीन टाके पडले, की सोडा. पायमशीन उलटं फिरलं तरी दोरा तुटतो, म्हणून चाकाला हात लावून नेहमीच्या दिशेने सुरुवात करा.

तेल आणि झाडलोट

शटलच्या घरात आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या खाली कापसाची तुसं साचतात. वरची पट्टी काढून जुन्या टूथब्रशने ती झाडा. मग तेलाच्या भोकांत शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब टाका, मशीन दोन मिनिटं रिकामं चालवा आणि पुसून टाकाऊ कापडावर चार टिपा मारा, नाहीतर नव्या ब्लाऊजवर डाग पडलाच म्हणून समजा. मशीनला मोटर असेल, तर आधी प्लग काढायचा. आणि घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नका! ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकटून बसतं. वर्षभर बंद असलेलं मशीन जड चालतं, त्याचं कारण बऱ्याचदा जुनं, चिकट झालेलं तेलच असतं.

कापडाला शोभेल अशी सुई

सुईच्या पाकिटावर नंबर असतो. नंबर लहान तितकी सुई बारीक. शिफॉन, जॉर्जेट, तलम रेशीम यांना ९ नंबर. वायल आणि रुबियाला ११. पॉपलीन, खादी, चादरी, नेहमीचं सुती कापड यांना १४. जीन्स आणि जाड पडद्यांना १६, आणि त्याहून जाड कापडाला १८. लेगिंग किंवा टी-शर्टसारखं ताणलं जाणारं विणीचं कापड असेल, तर गोल टोकाची सुई मागा. ती धागे तोडत नाही, त्यांना बाजूला सारून आत जाते. नेहमीच्या सुईने अशा कपड्याला बारीक भोकं पडतात आणि पुढे ती वाढत जातात.

टाक्याची लांबीही कापड पाहूनच ठरवावी. नेहमीच्या सुती कापडाला एका इंचात दहा-बारा टाके ठीक. जाड कापडाला टाका थोडा मोठा. नंतर उसवायची कच्ची टीप असेल, तर इंचाला सहा टाके पुरतात.

ब्लाऊजपीस घेताना दुकानदार ‘टू बाय टू’ म्हणतो, त्याचा अर्थ उभा आणि आडवा दोन्ही धागे दुहेरी पिळाचे आहेत. असं कापड पातळ असूनही टिकाऊ असतं. पण रुबिया असो की खण, सुती कापड बेतायच्या आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय त्याला कात्री लावू नये. अस्तर आणि साडीचा फॉलसुद्धा भिजवायचाच. वरचं कापड तसंच राहिलं आणि आतलं अस्तर आटलं, की पहिल्याच धुण्यात ब्लाऊजला चुण्या पडतात आणि आपण शिंप्याला नावं ठेवतो.

कापड नेमकं कशाचं आहे याची शंका असेल, तर कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरवर कडक इस्त्री का फिरवायची नाही, ते मग वेगळं सांगायला नको.

उभा, आडवा आणि उरेब

कापडाच्या किनारीला समांतर असतो तो उभा धागा. तो सहसा ताणत नाही. आडवा थोडा ताणतो. आणि या दोहोंना तिरकं कापलं की उरेब. तो सगळ्यात जास्त ताणतो. ब्लाऊजचे भाग उभ्या धाग्यावर नीट न ठेवता, कापड वाचवायला जरा तिरके बेतले, की धुतल्यावर शिवण एका बाजूला फिरते. वाचवलं वीतभर कापड, गेला अख्खा ब्लाऊज!

गळ्याला मात्र उरेब पट्टीच हवी, कारण वळणावर सरळ पट्टी बसत नाही. कापडाची किनार आडव्या कडेला जुळेल अशी तिकोनी घडी घाला. जी मोड पडते तोच खरा उरेब. त्या मोडीला समांतर इंचभर रुंदीच्या पट्ट्या कापा. शिवताना पट्टी अगदी किंचित ताणून धरा, गळा मात्र ताणू नका.

हातचे टाके विसरू नका

मशीन आलं म्हणून हातशिलाई संपत नाही. धावदोरा सगळ्यांत साधा, पण आपली गोधडी वर्षानुवर्षं त्याच्याच जोरावर टिकते. शिवण उसवली आणि मशीन उघडायचा कंटाळा आला, तर उलटी टीप घाला. एक टाका पुढे, अर्धा मागे. ती जवळजवळ मशीनइतकीच मजबूत होते. साडीचा फॉल आणि परकराचा घेर तुरपाईने करावा. वरच्या कापडाचा एकच धागा सुईत घ्यायचा, म्हणजे उजव्या बाजूने टाका दिसत नाही. दोरा कोपरापर्यंत येईल एवढाच घ्या. लांब दोरा घेतला की दर टाक्याला गाठ.

कापडात माया हवी!

शिवणकामातला माझा सगळ्यांत आवडता शब्द म्हणजे ‘माया’. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवायचं, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. नेहमीच्या शिवणीला अर्धा इंच, ब्लाऊजच्या बाजूंना एक ते दीड इंच, वाढत्या मुलीच्या फ्रॉकच्या घेराला दोन-तीन इंच. बाळंतपणानंतर अंग भरतं, आजारपणात उतरतं, मुलं तर पाहता पाहता उंच होतात. माया असेल, तर एक शिवण उसवून दुसरी घालायची. कपडा पुन्हा अंगाला येतो. नसेल, तर चांगला धडधाकट कपडा बोहारणीकडे.

तयार कपड्यांत बऱ्याचदा ही माया जेमतेम पाव इंच असते. म्हणून विकत घेतानाही कपडा उलटा करून शिवणीच्या आत एकदा बघावं. बाहेरची जरी, मणी, लेस मग पाहू.

फक्त गळ्याला माया बेताची, पाव इंचच ठेवा आणि वळणावर बारीक कात मारा, म्हणजे गळा चपटा बसतो. आणि गळा नेहमी थोडा लहानच कापावा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान होत नाही.

तेव्हा या आठवड्यात दुपारची तासभर सवड काढा. मशीनवरचं कव्हर काढा, तुसं झाडा, तेल घाला, नवी सुई बसवा. मग दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर पायडल मारून पाहा. सुईची भोकं रेघेवर सरळ पडू लागली, की तुमचा हात बसला. त्यानंतर ती सुई बदलून, विरलेल्या जुन्या चादरीचे दोन उशीचे अभ्रे शिवायला घ्या. चारही शिवणी सरळ, त्यामुळे सरावाला यापेक्षा सोपं काही नाही. ते झाले की परकर, मग फ्रॉक आणि सगळ्यात शेवटी ब्लाऊज. या क्रमाने गेलात, तर पुढच्या दिवाळीला शिंप्याचा तो सोमवार उगवायची वाट पाहावी लागणार नाही.