शेतातला उघडा बोअर : जबाबदारी कुणाची?

पाणी लागलं नाही की बोअरची गाडी निघून जाते. केसिंग पाईप पुढं कामाला येईल म्हणून उपसून घेतला जातो. बांधाकडेला उरतं ते वीतभर रुंदीचं भोक. त्यावर पोतं नाहीतर दगड टाकला की काम संपलं, असा समज आहे. कायद्याने मात्र काम संपत नाही.

२००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात बोअरमध्ये पडलेला पाच वर्षांचा मुलगा सुमारे ५० तासांनी जिवंत निघाला. २०१९ मध्ये पंजाब आणि तमिळनाडूत पडलेली दोन-दोन वर्षांची मुलं मात्र वाचली नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याबाबत निर्देश दिले आहेत. बोअर घेण्याआधी किमान १५ दिवस जिल्हाधिकारी, सरपंच किंवा संबंधित कार्यालयाला लेखी कळवायचं. बोअरची गाडी नोंदणीकृत हवी. काम चालू असताना भोवती कुंपण आणि मालकाचा पत्ता लिहिलेला फलक लावायचा. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा करून तोंडाला वेल्डिंगची प्लेट किंवा नट-बोल्टचं झाकण बसवायचं. मोटार दुरुस्तीला काढली तरी बोअर उघडा ठेवायचा नाही. निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायचा. गावपातळीवर लक्ष ठेवण्याचं काम सरपंच आणि कृषी विभागाकडे आहे.

निष्काळजीपणामुळे जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मृताच्या घरच्यांना दिवाणी न्यायालयात भरपाईही मागता येते. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालील असा दावा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

‘आमच्या रानात न विचारता आला, आमचा काय दोष?’ असं म्हणून सुटका होईलच असं नाही. बिहारमधील एका घरमालकाने संडासाभोवती वीजप्रवाहाची तार लावली होती. तिथं आलेली बाई शॉक लागून दगावली. परवानगीशिवाय आलेल्याचाही जीव घेता येत नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये त्याची शिक्षा कायम ठेवली. डुकरांसाठी कुंपणात करंट सोडणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

आता खर्चाचं. सहा इंची, ३०० फूट बोअर भरायला साधारण ६० घनफूट मुरूम लागतो, म्हणजे एक ब्रासही नाही. गावात असा उघडा बोअर दिसला, तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी.