गाव सोडलं म्हणून मत सुटत नाही

2024 च्या लोकसभा निवडणुकीत अकोल्याचं मतदान 26 एप्रिलला झालं आणि पुण्याचं 13 मेला. तेल्हारा तालुका अकोला मतदारसंघात येतो. तिथल्या हिवरखेडचा पोरगा पुण्यात शिकत असेल आणि नाव गावच्या यादीत असेल, तर ऐन परीक्षांच्या दिवसांत मतासाठी त्याला लांबचा प्रवास करून यावं लागतं. बऱ्याच पोरांना ते जमत नाही. मग आपण म्हणतो, तरुणांना मतदानाचं काही पडलेलं नाही. मला हे पटत नाही. नाव पुण्यातही नोंदवता येतं, हे त्यांच्यापैकी कितीजणांना कुणी सांगितलेलं असतं?

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे वसतिगृहाचा पत्ता चालत नाही. तो चालतो. निवडणूक आयोगाने विद्यार्थ्याला दोन पर्याय दिले आहेत: आईवडिलांच्या घरी नाव ठेवा, नाहीतर जिथे शिकायला राहता तिथे नोंदवा. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. अर्जासोबत प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं बोनाफाईड लागतं. खोली भाड्याने घेतली असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, तिथल्या पत्त्याचं बँक पासबुक किंवा आधार चालतं. यातलं काहीच नसेल तर राहत असल्याचा दुसरा पुरावा द्यायचा आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, येऊन खात्री करतात. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच बोनाफाईडसोबत हा अर्जही पोरांच्या हातात ठेवला, तर निम्मं काम तिथेच होईल.

दुसरी भीती घरच्यांची. ‘नाव तिकडं नेलं तं वावरातला हिस्साबी जाईन का?’ असं विचारणारे आजी-आजोबा आपल्याकडे आहेत, आणि त्यांना हसून उडवून लावू नये. जमीन, सातबारा, वारसा यांचा मतदार यादीशी काहीही संबंध नाही. रेशनकार्डावरचं नावही मतदार नोंदणी बदलल्याने कमी होत नाही. ते काम पुरवठा विभागाचं, वेगळ्या अर्जाचं.

याच्या उलटही एक समज आहे. पोरगी अमरावतीला शिकायला गेली, म्हणजे गावच्या यादीतून तिचं नाव कटणारच. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 स्पष्ट आहे: तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास संपत नाही. शिक्षणासाठी गेलेली आणि सुट्टीत घरी परतणारी मुलगी गावचीच मतदार राहू शकते. निवड तिची. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, हे मात्र ध्यानात घ्यावं. नाव अमरावतीला नेलं की गावच्या सरपंचाला मत देता येणार नाही. माझं मत विचाराल तर अकोला, शेगाव, अमरावतीला शिकणाऱ्यांनी नाव गावीच ठेवावं, एसटीने मतदानाला येता येतं. पुण्या-मुंबईत तीन-चार वर्षं काढणाऱ्यांनी ते तिकडे न्यावं.

पण नाव दोन्हीकडे ठेवता येत नाही. इथे पोरं अजाणतेपणी फसतात. गावच्या यादीत नाव असताना शहरात नवीन मतदार म्हणून नमुना 6 भरला, तर ‘माझं नाव कुठेही नाही’ असं खोटं लिहून दिल्यासारखं होतं. कलम 31 खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आधीच मतदार असाल तर नमुना 8 भरायचा, पत्ता बदलल्याचा. 2022 पासून मतदारसंघ बदलला तरी हाच अर्ज चालतो.

कार्ड खिशात आहे म्हणजे मत नक्की, हेही खरं नाही. मत यादीतल्या नावावर मिळतं. नाव असेल तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काही दाखवूनही मतदान होतं, आणि नाव नसेल तर कार्ड असूनही परत यावं लागतं. दूरच्या गावचं मत बसल्या जागी देता येईल असं यंत्र आयोगाने जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांना दाखवायला आणलं होतं, पण ते वापरात आलेलं नाही. टपाली मतदानही विद्यार्थ्यांसाठी नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. पूर्वी 1 जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर वर्षभर थांबावं लागे. ऑगस्ट 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे तेल्हाऱ्यात बारावीला बसलेली पोरं गाव सोडायच्या आधीच अर्ज देऊ शकतात. निवडणूक जाहीर झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची मात्र गाडी चुकते, कारण उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही. नाव आहे की नाही ते निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा 1950 या क्रमांकावर विचारता येतं. दिवाळीला घरी आलात की तहसीलमध्ये किंवा गावच्या बीएलओकडेही पाहता येईल.